आधी खळे की आधी खवणी?

मराठी विषय घेऊन कला शाखेच्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलीने वार्षिकांकात संगणकाच्या भाषेवर लेख लिहावा, हे काही प्राध्यापकांना अतिक्रमण वाटेल आणि मैत्रिणींना आगाऊपणा. दोघांचीही आधीच क्षमा मागते. परंतु विषय अखेर वर्णमालेचा आहे, आणि वर्णमाला ही काही एका विज्ञान शाखेची मालमत्ता नव्हे.

आमचे इंदुरी हे तळेगाव-चाकण रस्त्यावर, इंद्रायणीच्या काठी वसलेले गाव. सरसेनापती दाभाड्यांची गढी, तीतले कडजाईचे देऊळ आणि जवळचा भंडारा डोंगर एवढी त्याची ओळख बहुतेकांना असते. भाताचे गाव ही दुसरी ओळख मात्र पुसट होत चालली आहे. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली ‘इंद्रायणी’ हा भाताचा वाण बाहेर पडला आणि त्याचे नाव पुण्यामुंबईच्या वाण्यांच्या फळ्यांवर जाऊन बसले. पण तो पिकवताना माणसांच्या तोंडी असणारे शब्द तेवढे भाग्यवान नाहीत. राब, आवणी, चिखलणी, इरले, उडवी, कणगी हे शब्द माझ्या वयाच्या मुलांना आता सांगावे लागतात. विभागाच्या प्रकल्पासाठी मी दोन सुट्यांत गावातल्या वडीलधाऱ्या मंडळींकडून असे अकराशेच्या आसपास शब्द चिठ्ठ्यांवर उतरवून घेतले. मग ते संगणकात घातले, ‘अकारविल्हे लाव’ अशी आज्ञा दिली, आणि छापील यादी ज्यांनी शब्द दिले त्यांनाच आधी दाखवायला नेली.

आमच्या आळीतल्या एक आजी चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत. त्यांनी ख चे पान काढले, बोट फिरवले, आणि म्हणाल्या, “पोरी, खळ्याचा शब्द घेतलाच नाहीस होय?” शब्द होता. पण त्या शोधत होत्या ‘खसखस’ आणि ‘खाचर’ यांच्या मध्ये, आणि यंत्राने तो ठेवला होता ‘खलबत्ता’ आणि ‘खवणी’ यांच्या मध्ये. चूक आजींची नव्हती. शाळेत पाठ केलेली वर्णमाला ‘श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ’ अशी संपते. ळ हा ह च्या नंतर येतो, म्हणजे ख ने सुरू होणाऱ्या आणि काना-मात्रा नसलेल्या शब्दांत ‘खळे’ शेवटी हवे.

मग यंत्राला ही वर्णमाला कोणी शिकवली? खरे पाहता कोणीच नाही. यंत्राला अक्षरे ठाऊक नसतात, क्रमांक ठाऊक असतात. युनिकोड नावाच्या जागतिक तक्त्यात क चा क्रमांक २३२५, ल चा २३५४, ळ चा २३५५, व चा २३५७ आणि ह चा २३६१ आहे. यंत्र या क्रमांकांचीच तुलना करते, म्हणून ळ ल च्या शेजारी येतो. देवनागरीचा हा तक्ता ‘इस्की’ या आपल्या भारतीय प्रमाणकावरून घेतलेला आहे. इस्कीमागची कल्पना मोठी सुंदर होती : नागरी, बंगाली, गुजराती, कन्नड, तमिळ अशा लिप्यांसाठी एकच सामाईक मांडणी, म्हणजे एका लिपीतला मजकूर दुसरीत सहज नेता यावा. परंतु सर्वांना चालणारा क्रम प्रत्येकाला नेमका कसा चालणार? मराठीची ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ ही शेपटी त्यात बसली नाही. क्ष ला तर स्वतंत्र क्रमांकच नाही. तो क, हलन्त आणि ष अशा तीन क्रमांकांचा मिळून होतो, आणि म्हणून ‘क्षेत्र’ हा शब्द यादीच्या शेवटी न जाता ‘कौल’च्या मागे जाऊन बसतो. ज्ञ ची गत तीच. याउलट ॲ. तो तक्त्यात उशिरा आला, त्याला २४१८ क्रमांक मिळाला, आणि त्यामुळे ‘ॲल्युमिनियम’ ह च्याही पलीकडे हद्दपार झाले. २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ यांना स्वरांत रीतसर जागा दिली खरी. पण यंत्र शासन निर्णय वाचत नाही. आणि अनुस्वार? बाराखडीत तो शेवटाकडे म्हणतात; क्रमांकात तो सर्व स्वरांच्याही आधी आहे.

आता उपाय. एक उपाय असा की चिठ्ठ्या हातानेच लावाव्यात. पूर्वीच्या कोशकारांनी हेच केले, आणि त्यांना माझा नमस्कार. दुसरा उपाय माझ्या थोरल्या भावाने सुचवला. तो पुण्यात संगणकाचे काम करतो, आणि नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक त्याच्याजवळ पाने सुटेपर्यंत वापरलेले आहे. त्याने मला ‘सी’ या भाषेतले एक फंक्शन दाखवले. ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडवली, ती मुख्यतः यंत्राचा पायाभूत कारभार चालवणारे प्रोग्राम लिहिण्यासाठी. फंक्शन म्हणजे एक नेमून दिलेले काम. त्याला लागणारे साहित्य बाहेरून द्यायचे, आणि ते उत्तर परत देते. गिरणीत दळण टाकावे तसे. दादाने दाखवलेल्या फंक्शनचे नाव ‘क्यूसॉर्ट’. त्याचे काम यादी क्रमाने लावणे. चमत्कार असा की, हे फंक्शन क्रम लावते, पण कोणता क्रम हे त्याला मुळीच ठाऊक नसते!

हे कसे, ते पाहू. अशी कल्पना करा की चिठ्ठ्या लावण्यात अत्यंत तरबेज असा एक माणूस आपण बोलावला. कोणती चिठ्ठी उचलावी, कुठे ठेवावी, कमीत कमी खटपटीत गठ्ठा कसा लागेल, हे सारे त्याला येते. येत नाही फक्त मराठी. तेव्हा तो शेजारी मराठी जाणणारा एक माणूस बसवून मागतो. दर वेळी दोन चिठ्ठ्या त्याच्यापुढे धरतो आणि एवढेच विचारतो, “यांतली आधी कोण?” शेजाऱ्याने तीनपैकी एक उत्तर द्यायचे : पहिली आधी, दुसरी आधी, किंवा दोन्ही सारख्या. सी मध्ये ही तीन उत्तरे ऋण संख्या, धन संख्या आणि शून्य अशी देतात. अकराशे चिठ्ठ्यांच्या सर्व जोड्या मोजल्या तर त्या सहा लाखांवर भरतात. पण तरबेज माणूस दहा-पंधरा हजार प्रश्नांत काम उरकतो.

हा शेजारी बसवलेला माणूस म्हणजेच ‘कॉलबॅक’. आपण क्यूसॉर्टला हाक मारतो, आणि काम चालू असताना क्यूसॉर्ट उलट आपल्या फंक्शनला हाक मारते. मराठीत ‘उलट-हाक’ म्हणायला हरकत नसावी.

इथे एक गोष्ट अडते, ती मला व्याकरणामुळे चटकन कळली. क्यूसॉर्टला यादी देता येते, संख्या देता येते, हे ठीक. पण एखादे काम साहित्य म्हणून कसे द्यायचे? ‘दळ’ आणि ‘दळणे’ यांतला फरक पाहा. ‘दळ’ ही आज्ञा आहे, ती दिली की जाते फिरू लागते. ‘दळणे’ हे क्रियेचे नाव आहे. ते वाक्यात इकडून तिकडे नेता येते, त्याला विभक्ती लागते, दुसऱ्याच्या हाती देता येते, आणि तरीही पीठ पडत नाही. सी मध्ये हाच फरक कंसाने होतो. फंक्शनच्या नावापुढे कंस घातला की आज्ञा झाली, काम तेथेच घडते. कंस न घालता नुसते नाव लिहिले की ते त्या फंक्शनचा पत्ता बनते, म्हणजे स्मृतीत त्याच्या आज्ञा कोठून सुरू होतात ती जागा. हा पत्ता इतर साहित्याबरोबर देता येतो. (खऱ्या प्रोग्राममध्ये नावे रोमी लिपीत असतात; येथे देवनागरीत लिहिते.)

क्यूसॉर्ट(शब्द, संख्या, माप, वर्णक्रम)

यातील ‘वर्णक्रम’पुढे कंस नाही. ते आम्ही लिहिलेले फंक्शन. त्याच्याजवळ एक छोटा तक्ता आहे, त्यात प्रत्येक वर्णाला आपण ठरवलेले वजन दिले आहे : ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. ते दोन्ही शब्दांची अक्षरे डावीकडून वजनाने पाहत जाते, क-हलन्त-ष असे त्रिकूट दिसले की त्याला एकच अक्षर समजते, आणि जिथे पहिला फरक सापडेल तिथे निकाल देते. क्यूसॉर्टच्या आत एक अक्षरही बदलावे लागले नाही. यादी पुन्हा लावली, तेव्हा ‘खळे’ खसखशीनंतर आले.

पण मला खरा आनंद झाला तो दुसऱ्या फंक्शनने. त्याचे नाव ‘उलटाक्रम’ ठेवले. ते शब्दांची तुलना शेवटच्या अक्षरापासून मागे मागे करत जाते.

क्यूसॉर्ट(शब्द, संख्या, माप, उलटाक्रम)

तीच यादी, तेच क्यूसॉर्ट, फक्त शेजारी बसवलेला माणूस बदलला. आणि पाहते तो आवणी, खवणी, पेरणी, कापणी, झोडणी, चिखलणी, मळणी, चाळणी ही सारी भावंडे एका पानावर गोळा झालेली! अकारविल्हे यादीत ती पार पांगलेली होती. एकत्र आल्यावर दिसते की ‘-णी’ने मावळातल्या शेतीची बहुतेक सगळी कामे नावारूपाला आणली आहेत, आणि मधूनच ‘खवणी’, ‘चाळणी’ ही कामे नसून साधने आहेत. एकच प्रत्यय कधी क्रिया दाखवतो आणि कधी ती करण्याचे साधन, हे वर्गात ऐकले होते. पण आपल्याच गावच्या शब्दांत ते डोळ्यांनी पाहणे वेगळे. अर्थात त्याच पानावर ‘पाणी’ आणि ‘लोणी’ही येऊन बसली होती, आणि त्यांचा या प्रत्ययाशी संबंध नाही. यंत्र शेवट दाखवते, प्रत्यय ओळखत नाही. ती निवड आपली.

वाचकहो, या क्यूसॉर्टच्या नावामागे जी पद्धत आहे, तिचा जन्म कोठे झाला हे कळल्यावर कला शाखेच्या विद्यार्थ्यांची छाती फुगावी. टोनी होअर हे ऑक्सफर्डचे पदवीधर, आणि पदवी कशाची, तर अभिजात ग्रीक-लॅटिन वाङ्मय आणि तत्त्वज्ञान यांची. १९५९-६० च्या सुमारास ते मॉस्को विद्यापीठात होते आणि रशियनमधून इंग्रजीत यंत्राने भाषांतर करण्याच्या खटपटीशी त्यांचा संबंध आला. शब्दकोश चुंबकीय फितीवर अकारविल्हे साठवलेला असे. फीत मागेपुढे करणे वेळखाऊ, म्हणून वाक्यातले शब्द आधी क्रमाने लावून घ्यावे आणि एकाच फेरीत कोशातून काढावे, अशी कल्पना. ते शब्द झटपट कसे लावावेत, या विचारातून ‘क्विकसॉर्ट’ निघाले. १९६१ साली ते प्रसिद्ध झाले. म्हणजे मूळ अडचण कोशाचीच होती.

आता थोडे सावधगिरीचे. शेजारी बसवलेल्या माणसाने उत्तरे सुसंगत दिली पाहिजेत. खवणी खसखशीच्या आधी, खसखस खळ्याच्या आधी, असे म्हटल्यावर ‘खळे खवणीच्या आधी’ असे त्याने म्हणता कामा नये. हे कोण मुद्दाम करील, असे वाटेल. पण सी मध्ये एक आळशी रूढी आहे : दोन संख्यांची तुलना करताना पहिलीतून दुसरी वजा करून येईल ते उत्तर द्यायचे. नेहमीच्या पूर्णांकाची धाव २१४७४८३६४७ पर्यंत असते. दोनशे कोटींतून उणे दोनशे कोटी वजा केले की उत्तर चारशे कोटी. ते त्या जागेत मावत नाही, चिन्ह उलटून ऋण होऊ शकते, आणि मोठी संख्या लहान ठरते. आमच्या वजनांचे आकडे शंभरीत आहेत, तेव्हा ही भीती नव्हती. तरीही दादाने वजाबाकी करू दिली नाही. विसंगत उत्तरांचे फळ केवळ चुकीचा क्रम एवढेच नसते. २०२४ च्या जानेवारीत ‘क्वालिस’ या संस्थेच्या सुरक्षा-संशोधकांनी दाखवून दिले की, लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ग्लिबसी या संग्रहातील क्यूसॉर्ट, असा विसंगत शेजारी मिळाल्यास आणि स्मृतीची चणचण असल्यास, यादीच्या हद्दीबाहेर जाऊन लिहू शकते. दोष अनेक वर्षे तसाच पडून होता.

दुसरी अडचण बारीक आहे. क्यूसॉर्टला यादीत काय आहे हे ठाऊक नसल्याने ते शेजाऱ्याला वस्तू देत नाही, निनावी पत्ते देते. पत्त्यावर शब्द आहे की संख्या की आणखी एक पत्ता, हे शेजाऱ्याने जाणून असावे. शब्दांची यादी सी मध्ये बहुधा पत्त्यांची यादी असते. म्हणून हाती येतो तो पत्त्याचा पत्ता. सीचा भाषांतरकार येथे सहसा तक्रार करत नाही, आणि नवखी माणसे येथेच अडखळतात. तिसरे असे की, दोन चिठ्ठ्या ‘सारख्या’ म्हटल्या तर त्यांतली कोणती वर राहील याची क्यूसॉर्ट हमी देत नाही. ‘आवणी’ मला दोघांनी सांगितली होती. म्हणून शब्द सारखा असल्यास चिठ्ठीचा अनुक्रमांक पाहावा, अशी भर घातली.

माझ्या मते क्यूसॉर्टचा सर्वांत मोठा उणेपणा वेगळाच आहे. ते शेजाऱ्याला दोन चिठ्ठ्यांखेरीज काहीही देत नाही. अनुस्वार आधी धरावा की बाराखडीप्रमाणे शेवटी, असे वजनांचे दोन तक्ते आमच्याकडे तयार आहेत. या वेळी कोणता वापरायचा, हे शेजाऱ्याला सांगायचे कसे? साहित्यात जागाच नाही! मग तो तक्ता साऱ्या प्रोग्रामला दिसेल असा चव्हाट्यावर टांगून ठेवावा लागतो, आणि दोन कामे एकाच वेळी चालली की गोंधळ उडतो. यासाठी ‘क्यूसॉर्ट-आर’ निघाले, त्यात सोबत एक गाठोडे देता येते आणि ते प्रत्येक हाकेबरोबर शेजाऱ्याला मिळते. पण गंमत पाहा : लिनक्सच्या मंडळींनी हे गाठोडे शेवटी ठेवले, बीएसडीच्या मंडळींनी शेजाऱ्याच्या आधी. फंक्शनचे नाव तेच आणि साहित्याचा क्रम निराळा! क्रम लावणाऱ्या फंक्शनचाच क्रम एकमताने ठरेना. अखेर पोसिक्स या प्रमाणकाच्या २०२४ च्या आवृत्तीने लिनक्सचा क्रम मान्य केला.

क्यूसॉर्टची उलट-हाक लगेच येते आणि काम संपले की थांबते. दुसऱ्या जातीची हाक नंतर येते. लग्नात वाजंत्रीवाल्याला आधीच सांगून ठेवतात की अंतरपाट दूर झाला की वाजव. सांगणारा मग दुसऱ्या कामाला जातो. वेळ भरली की हाक मार, कळ दाबली की हाक मार, असे सांगून ठेवलेले प्रोग्राम याच प्रकारचे. सीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी ‘जीसीसी’ ही प्रणाली, जिच्या अंतरंगाचे अध्यापन आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांनी केले, तीतही बाहेरचे जोडफंक्शन ‘अमुक टप्पा आला की मला बोलाव’ अशी नोंद करून ठेवू शकते. या प्रकारात गाठोड्याचा धोका वाढतो. फंक्शनच्या आत तात्पुरत्या जागेत ठेवलेल्या वस्तूचा पत्ता गाठोड्यात बांधून दिला आणि ते फंक्शन संपले, तर हाक येईपर्यंत पत्ता उरतो आणि घर उठलेले असते. सी त्या पत्त्यावर निमूटपणे जाते.

‘रस्ट’ ही नवी भाषा, जिची पहिली पक्की आवृत्ती २०१५ साली आली, ती येथे कडक आहे. (तिचा आरंभ करणारे ग्रेडन होअर, आडनाव तेच, माणूस वेगळा.) रस्टमध्ये शेजाऱ्याला ‘क्लोझर’ म्हणून पाठवता येते, म्हणजे शिदोरी पाठीला बांधलेले फंक्शन. वजनांचा तक्ता त्याच्या शिदोरीत, चव्हाट्यावर टांगणे नको. उत्तरही ऋण-धन संख्येत नसते. ‘आधी’, ‘सारखे’, ‘नंतर’ अशी तीन नावेच आहेत, त्यामुळे वजाबाकीचा मोह उरत नाही. निनावी पत्ते नाहीत. शब्दांची यादी असेल तर शब्दांचीच तुलना करणारा शेजारी लागतो, नाहीतर प्रोग्राम तयारच होत नाही. शिदोरीतली वस्तू शेजाऱ्याच्या आधी नाहीशी होणार असेल, तर तेही रूपांतराच्या वेळीच अडवले जाते. शेजारी शिदोरी नुसती पाहणार, तीत बदल करणार, की एकदाच खाऊन संपवणार, याप्रमाणे त्याच्या तीन जाती केल्या आहेत. सारख्या चिठ्ठ्या मूळ क्रमाने ठेवण्याची हमी तिचे नेहमीचे क्रमफंक्शन देते. सुसंगती मात्र रस्टलाही आधी तपासता येत नाही. १.८१ या २०२४ च्या आवृत्तीपासून, विसंगत उत्तरे लक्षात आली तर क्रमफंक्शन काम सोडून प्रोग्राम थांबवू शकते. हद्दीबाहेर मात्र लिहीत नाही.

आमच्या यादीच्या वर्णक्रम आणि उलटाक्रम अशा दोन्ही प्रती आता विभागात ठेवल्या आहेत. ळ, क्ष, ज्ञ यांविषयी कोणाची तक्रार आलेली नाही. अनुस्वार कोठे घालायचा, यावर मात्र आमच्या सरांचे आणि मॅडमचे एकमत व्हायचे आहे. तोवर तक्त्यातला तेवढा एक आकडा मी पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.